पाठराखा

मार्गशीर्षातील शनिवारची पहाट होती. अजून पुरते उजाडले नव्हते. पुण्याच्या दक्षिणेस, कात्रजच्या घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका मोकळ्या पटांगणात चोवीस मोटारसायकली ओळीने उभ्या होत्या. त्यांत तीस-चाळीस वर्षे राबलेल्या जुन्या बुलेट व येझदी होत्या, तशाच नव्या, हलक्या गाड्याही होत्या. स्वारांमध्येही असेच वैचित्र्य होते. कुणी बँकेत कारकून, कुणी शाळेत शिक्षिका, कुणी शेतकरी, तर कुणी नुकताच महाविद्यालयात गेलेला विद्यार्थी. ह्या सर्वांना एकत्र आणणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे त्यांचे मोटारसायकल-मंडळ. दर वर्षी पावसाळा सरून भाताची कापणी आटोपली, की हे मंडळ दोन दिवसांच्या सहलीला निघे. त्या वर्षी भोर, वरंधा घाट, महाड, आंबेनळी घाट, महाबळेश्वर आणि वाई असा फेरा ठरला होता.

मोटारसायकल हे वाहन तसे फार जुने नाही. १८८५ साली जर्मनीत गॉटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख ह्या दोघांनी लाकडी चौकटीच्या दुचाकीवर पेट्रोलवर चालणारे एक लहानसे यंत्र बसविले. तोल सावरण्यासाठी त्या गाडीला दोन्ही बाजूंना आणखी एकेक छोटे चाक लावावे लागले होते. त्या ओबडधोबड गाडीचा वंशविस्तार पुढे साऱ्या जगभर झाला. आपल्या देशात १९५५ साली मद्रासमध्ये बुलेट गाड्या तयार होऊ लागल्या, आणि सैन्यातील जवानांपासून दूधवाल्यांपर्यंत अनेकांची ती सोबतीण झाली.

मंडळाचे नायक हे सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार होते. त्यांनी सर्वांना जवळ बोलावले आणि नेहमीच्या शांत स्वरात नियम समजावून सांगितले.

“हेल्मेटाचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधल्याशिवाय कुणीही गाडी सुरू करायची नाही. समोरच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचे अंतर ठेवायचे. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर पुढे जाते. म्हणजे दोन सेकंदांचे अंतर झाले तेहतीस मीटरांहून अधिक. एवढी जागा हाताशी असली, तरच ब्रेक दाबण्याचा विचार मनात येऊन तो हातापायांपर्यंत पोहोचेतो आपण सुरक्षित राहू. सरळ रस्त्यावर एकाने आपल्या मार्गिकेच्या उजव्या अंगाने, तर त्याच्या मागच्याने डाव्या अंगाने चालायचे. वळण आले, की सर्वांनी एकामागे एक व्हायचे. माझ्या पुढे कुणी जायचे नाही, आणि पाठराख्याच्या मागे कुणी राहायचे नाही.”

“आणि फाटा आला म्हणजे?” एकाने विचारले.

“फाटा आला, की माझ्या पाठोपाठ असलेला स्वार तेथे थांबेल आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला वाट दाखवील. शेवटी पाठराखा आला, की मगच त्याने ती जागा सोडायची. तोवर नाही. पाऊस आला तरी नाही, रात्र झाली तरी नाही.”

मराठ्यांच्या फौजेत पुढे चालणाऱ्या तुकडीला बिनी म्हणत, आणि मागील बाजू सांभाळणाऱ्या तुकडीला चंदावल. मंडळात बिनीला सुभेदार होते. पिछाडी सांभाळण्याचे काम गेली कित्येक वर्षे एका मिस्त्रीकाकांकडे होते. त्यांचे स्वतःचे गॅरेज होते. पाने, पकडी, पंक्चर काढण्याचे सामान, हवा भरण्याचा पंप आणि प्रथमोपचाराची पेटी असा सारा संसार गाडीवर लादून ते सर्वांच्या मागून संथपणे येत.

मंडळातील सर्वांत लहान स्वार एकोणीस वर्षांचा होता. त्याची ही पहिलीच सहल. मिस्त्रीकाकांची ती अवजड गाडी पाहून त्याला राहवले नाही. त्याने विचारले, “काका, इतका चांगला हात आहे तुमचा. मग दर वर्षी तुम्ही मागेच का राहता? मागच्याला तर नुसती धूळच खावी लागते.”

मिस्त्रीकाका हसले. “धूळ खावी लागते खरी. पण कोण दमलाय, कुणाच्या गाडीचा आवाज बदललाय, कोण वळणावर घाबरतोय, हे मागूनच दिसतं बाळा. पुढच्याला ते कसं कळणार?”

मुलाला हे उत्तर फारसे पटले नाही. त्याचे सारे लक्ष सुभेदारांच्या पाठोपाठ जाण्याकडे लागले होते.

सहा-सहांच्या चार तुकड्या करून मंडळ निघाले. कात्रज मागे पडले. खेड शिवापूर ओलांडून कापूरहोळला महामार्ग सोडला आणि मंडळी भोरच्या वाटेला लागली. आता रस्ता अरुंद झाला. दोन्ही बाजूंना वडाची झाडे, शेतात ज्वारीचे कोवळे पीक आणि दूरवर सह्याद्रीच्या निळसर रांगा दिसू लागल्या. भोरला नीरेच्या काठी चहासाठी थांबल्यावर सुभेदारांनी समोरच्या रोहिडा किल्ल्याकडे बोट केले.

“हे हिरडस मावळ,” ते म्हणाले. “बांदलांचे नि बाजीप्रभू देशपांडे ह्यांचे मावळ. १६६० साली महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, तेव्हा शत्रूला घोडखिंडीत थोपवून धरण्याचे काम बाजीप्रभूंनी पत्करले. पुढे गेलेले सुखरूप पोहोचावेत म्हणून कुणीतरी मागे पाय रोवून उभे राहावे लागते. आपली सहल ती काय, आणि ती लढाई ती काय! तुलना करण्याचे कारण नाही. पण मागे राहण्यात कमीपणा नसतो, एवढे ह्या मातीने आपल्याला शिकविले आहे.”

भोर सोडल्यावर रस्ता नीरा-देवघर धरणाच्या विस्तीर्ण जलाशयाला बिलगून जाऊ लागला. सकाळच्या उन्हात ते पाणी चांदीच्या पत्र्यासारखे चकाकत होते. मग वरंधा घाट आला. एका बाजूला काळा कातळ आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी. हा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हारसाचे थंड झालेले थर होत. थरावर थर रचलेले ते कडे एखाद्या प्रचंड जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसतात. पावसाळ्यात येथे धबधबे कोसळतात. परंतु त्यांच्याबरोबर दरडीही कोसळतात. त्यामुळे हा घाट त्या दिवसांत अनेकदा बंद ठेवावा लागतो. घाटाखालच्या महाड तालुक्यातील तळिये गावावर २०२१ सालच्या जुलैत दरड कोसळली, आणि कित्येक कुटुंबे होत्याची नव्हती झाली. निसर्गाचे हे दुसरे रूप ठाऊक असल्यामुळेच मंडळ आपली सहल पावसाळ्यानंतर ठेवीत असे.

वाघजाईच्या देवळापाशी क्षणभर विसावून स्वार उतरणीला लागले. उतारावर सारखा ब्रेक धरून ठेवला, तर तो तापून निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून सर्वांनी खालचा गिअर टाकला. गाडीचे यंत्रच गाडीला मागे ओढून धरू लागले. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला दुप्पट नव्हे, चौपट अंतर लागते. वळणापलीकडे गाय उभी आहे की दगड पडला आहे, हे दिसत नसताना तो हिशेब फार महत्त्वाचा ठरतो. चढाने एखादे वाहन आले, की उतरणारे स्वार बाजूला थांबून त्याला आधी वाट देत होते. घाटाची ही रीतच आहे.

कोकणात उतरताच हवा बदलली. थंडी पळाली आणि ऊन चटका देऊ लागले. कापणी झालेल्या भातखाचरांत पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या. मंडळी महाडला जेवायला थांबली. जेवण झाल्यावर सर्वजण चवदार तळ्यावर गेले. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या हजारो अनुयायांसह ह्याच तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. पाण्यावर प्रत्येक माणसाचा हक्क आहे, हे त्या ओंजळीने साऱ्या देशाला सांगितले. तळ्याच्या पायऱ्यांवर सर्वजण काही वेळ मुकाट्याने बसून राहिले.

महाडहून सावित्री नदीच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे गेले, की पोलादपूर लागते. येथे महामार्ग सरळ गोव्याकडे जातो आणि डावीकडचा रस्ता महाबळेश्वराकडे चढतो. नायकांच्या पाठीमागे त्या वेळी शिक्षिकाबाई होत्या. त्या फाट्यावर थांबल्या. त्यांनी हात करून एकेकाला डावीकडे वळविले. दहा मिनिटांत चारही तुकड्या गेल्या, शेवटी मिस्त्रीकाका आले, आणि बाई त्यांच्या पुढे होऊन रांगेत सामील झाल्या. साखळीतील एकही कडी निसटली नव्हती.

आता आंबेनळी घाट सुरू झाला. समुद्रसपाटीच्या जवळ असलेल्या ह्या खोऱ्यातून रस्ता सुमारे १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वराकडे वळसे घेत चढतो. वळणामागून वळणे येत होती. घनदाट झाडी रस्त्यावर झुकली होती. ऊन कलले, सावल्या लांबल्या आणि वारा गार झाला. लवकरच प्रतापगडाचे बुरूज नजरेत भरले. १६५६ साली बांधून झालेला आणि १६५९ साली अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी इतिहासात अजरामर झालेला तो दुर्ग मावळत्या उन्हात तांबूस दिसत होता.

गडाच्या पायथ्याशी कुंभरोशी हे गाव आहे. तेथे एक फाटा गडावर जातो, आणि मुख्य रस्ता महाबळेश्वराकडे जातो. ह्या वेळी सुभेदारांच्या पाठोपाठ तो एकोणीस वर्षांचा मुलगा होता. सुभेदारांनी हात वर करून खूण केली. मुलाने गाडी कडेला घेतली व तो फाट्यावर उभा राहिला. घड्याळात पावणेपाच झाले होते.

पहिली तुकडी नायकांमागून गेली. दुसरी गेली. तिसरीही गेली. तिच्यातील शेवटच्या स्वाराने ओरडून सांगितले, “मागचे पाच मिनिटांत येतील!”

पाच मिनिटे झाली. दहा झाली. वीस झाली. चौथी तुकडी आली नाही.

मुलाने खिशातून मोबाइल काढून पाहिला. दोन्ही बाजूंना डोंगर. तेथे संपर्क मिळत नव्हता. वर गेलेले सारे एव्हाना चहा पीत बसले असतील, असे त्याच्या मनात आले. मागून येणारे काही लहान मुले नव्हती. फाट्यावरील पाटी त्यांना वाचता आली असती. कदाचित ते महाडलाच थांबले असतील. मग येथे एकट्याने थंडीत कुडकुडत राहण्यात काय अर्थ? त्याने एकदा गाडीची किल्लीसुद्धा फिरविली. यंत्र सुरू झाले. पण त्याला सकाळचे शब्द आठवले, आणि त्याने ते पुन्हा बंद केले. पाटी रस्ता दाखवू शकते. कोण आले आणि कोण राहिले, हे पाटीला मोजता येत नाही.

फाट्याजवळच्या टपरीतून एक म्हातारी बराच वेळ त्याच्याकडे पाहत होती. ती चहाचा पेला घेऊन आली.

“पोरा, सांज झाली. तुजी मानसं तर कवाच वर गेली. तू कशापायी थांबलास?”

“आजी, मागची सहा यायची आहेत.”

“मग थांब बाबा,” म्हातारी म्हणाली. “मागल्यांना कुनीतरी दिसाया पायजे.”

साडेपाचच्या सुमारास खालून एस.टी.ची गाडी घरघरत आली. मुलाला पाहताच चालकाने ती थांबविली. वाहकाने खिडकीतून एक चिठ्ठी पुढे केली. “फाट्यावर एक मोटारसायकलवाला मुलगा उभा असेल, त्याला द्या, असं तुमच्या काकांनी सांगितलंय.”

चिठ्ठीवर मिस्त्रीकाकांचे ठसठशीत अक्षर होते:

‘एक गाडी घसरली आहे. स्वाराचे मनगट दुखावले आहे. शुद्धीवर आहे, बोलतो आहे. काळजी नसावी. टेंपो मिळाला आहे, गाडी त्यात चढवून येतो. डॉक्टरबाईंना थांबवावे. तू जागा सोडू नकोस.’

मुलाच्या काळजात धस्स झाले. गाडी वळवून तडक खाली धाव घ्यावी, असे त्याला वाटले. परंतु चिठ्ठीतील शेवटचे वाक्य स्पष्ट होते. धावत जाणे त्या क्षणी सोपे होते. उभे राहणे कठीण होते. त्याने चिठ्ठी पुन्हा वाहकाच्या हाती दिली. “ही वर न्या. वाटेत आमचे लोक भेटतील. सुभेदारांना किंवा डॉक्टरबाईंना द्या.” वाहकाने मान डोलाविली. गाडी वळणाआड गेली.

इकडे घाटमाथ्यावर सुभेदारांनी मोजदाद केली होती. चोवीसपैकी सतराच जण पोहोचले होते. फाट्यावरचा एक आणि त्याच्यामागचे सहा असे सात कमी होते. त्यांनी वीस मिनिटे वाट पाहिली. मग ज्यांची नेहमी गरज पडू नये असे सर्वांना वाटे, त्या डॉक्टरबाईंना व एका अनुभवी सोबत्याला त्यांनी मागे धाडले. निम्म्या वाटेत एस.टी.च्या चालकाने दिवे चमकावून त्या दोघांना थांबविले. चिठ्ठी योग्य हाती पडली.

डॉक्टरबाई कुंभरोशीला पोहोचल्या, तेव्हा अंधार पडू लागला होता. मुलगा अजून त्याच जागी उभा होता. एवढ्यात खालच्या वळणावर एक दिवा दिसला. मग दुसरा, तिसरा, चौथा. त्यांच्यामागे टेंपोचे दोन दिवे आले. आणि सर्वांच्या मागे, पुरेसे अंतर राखून येणारा एक एकटा दिवा होता. तो ओळखायला मुलाला क्षणाचाही विलंब लागला नाही. नकळत त्याचे डोळे भरून आले.

डॉक्टरबाईंनी टपरीच्या उजेडात जखमी स्वाराचा हात तपासला. मनगट सुजले होते. त्यांनी त्याला फळीचा आधार देऊन घट्ट पट्टी बांधली. हेल्मेटावर एक लांब ओरखडा उमटला होता. तो ओरखडा कपाळावर उमटला असता, तर काय झाले असते, हे कुणी बोलून दाखविले नाही. सर्वांनी तो पाहिला मात्र. रात्री महाबळेश्वरच्या दवाखान्यात क्ष-किरणांनी तपासणी झाली. हाड मोडले नव्हते, मनगट लचकले होते.

जेवणानंतर शेकोटीभोवती सारे बसले. जखमी झालेले कारकून खाली मान घालून म्हणाले, “चूक माझीच. पिशवीचा पट्टा सैल झाला म्हणून मी थांबलो. पट्टा आवळेपर्यंत पुढची गाडी दिसेनाशी झाली. मला वाटले, माझ्यामुळे सारे खोळंबतील. म्हणून वेग वाढविला. वळणावर खडी पसरली होती. गाडी कललेली असतानाच घाबरून पुढचा ब्रेक दाबला, आणि चाक निसटले.”

सुभेदार म्हणाले, “ही चूक तुमच्या एकट्याची नाही. रांग ही रबरी दोरीसारखी असते. पुढचा थोडा हळू झाला, की मागचे जवळ येतात. पुढचा थोडा वेगात गेला, की दोरी ताणली जाते आणि सर्वांत मागच्याला सर्वांत अधिक धावावे लागते. आघाडीला मी होतो. मी आणखी हळू जायला हवे होते.”

मिस्त्रीकाका लाकडे सारीत म्हणाले, “खोळंबले असते तर खोळंबू द्यायचं होतं. थांबायचं ठरवूनच तर आपण घरून निघालो. मी तुमच्या मागे होतो, आणि पुढे फाट्यावर हा पोरगा उभा होता. मग घाई कुणासाठी?”

कुणीच काही बोलले नाही. शेकोटीतील लाकूड तडतडले. मुलाच्या लक्षात आले, की आपण फाट्यावर उभे होतो ते केवळ वाट दाखविण्यासाठी नव्हे. आपल्यासाठी कुणी थांबले आहे, असा भरवसा ज्याला असतो, तोच वळणावर निर्धास्तपणे हळू जाऊ शकतो. तो भरवसा देणे हेच थांबणाऱ्याचे खरे काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गेली. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री ह्या पाच नद्यांचा उगम येथे मानला जातो. काल ज्या सावित्रीच्या काठाने ते आले, ती येथून पश्चिमेकडे उडी घेते आणि बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. आज ज्या कृष्णेच्या खोऱ्यात ते उतरणार होते, ती पूर्वेकडे सुमारे १,४०० किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. एकाच डोंगरावरचे पाणी. परंतु एक कडा मध्ये आला आणि वाटा दोन दिशांना गेल्या. फाट्याचे महत्त्व नद्यांनाही चुकलेले नाही, असे कुणीतरी म्हणाले आणि सर्वजण हसले.

पाचगणीच्या विस्तीर्ण पठारावरून धोम धरणाचे पाणी दिसत होते. तेथून पुढे पसरणीचा घाट उतरून वाईला जायचे होते. जखमी स्वार एका मोटारीतून येणार होते. त्यांची गाडी टेंपोत होती. सुभेदारांनी शिट्टी वाजविली. स्वार आपापल्या जागी गेले. सुभेदारांच्या पाठोपाठची जागा मात्र रिकामी राहिली.

त्यांनी मागे वळून पाहिले. तो मुलगा रांगेच्या अगदी शेवटी, मिस्त्रीकाकांच्या शेजारी उभा होता.

“काय रे, आज पुढे नाही का यायचे?” त्यांनी विचारले.

“नाही,” मुलगा म्हणाला. “आज मागून बघतो.”

मिस्त्रीकाकांनी काही न बोलता आपल्या गाडीवरची प्रथमोपचाराची पेटी सोडविली आणि त्याच्या गाडीला बांधली.

पसरणीच्या घाटातून रांग संथपणे उतरू लागली. वाईच्या घाटावर कृष्णेच्या काठी पोहोचल्यावर सुभेदारांनी पुन्हा मोजले. सर्वांत शेवटी येऊन थांबलेल्या मुलाने हेल्मेट काढले आणि कुणी विचारण्यापूर्वीच सांगितले, “मोटारीतल्यांना धरून चोवीस. मागे कुणी राहिले नाही.”

शब्दार्थ

पाठराखा – पाठीमागची बाजू सांभाळणारा. बिनी – फौजेची आघाडीची तुकडी. चंदावल – फौजेची पिछाडीची तुकडी. मावळ – सह्याद्रीच्या पूर्व अंगाचे खोरे. दरड – डोंगराचा ढासळणारा भाग. उडवी – पेंढ्यांचा रचलेला ढीग. मोजदाद – गणती. खोळंबणे – अडून राहणे. निर्धास्त – चिंता नसलेला.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मंडळाची सहल पावसाळ्यानंतर का ठेवीत?
(आ) उतारावर स्वारांनी खालचा गिअर का टाकला?
(इ) मुलगा कोणत्या गावच्या फाट्यावर उभा होता?

२. पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) फाट्यावर मुलाच्या मनात कोणते विचार आले? त्याने गाडी पुन्हा बंद का केली?
(आ) “ही चूक तुमच्या एकट्याची नाही,” असे सुभेदार का म्हणाले?
(इ) ‘मागे राहण्यात कमीपणा नसतो,’ हे विधान पाठातील प्रसंगांच्या आधारे स्पष्ट करा.

३. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
काळजात धस्स होणे, होत्याचे नव्हते होणे, पाय रोवून उभे राहणे, नजरेत भरणे.

४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
आघाडी, चढ, अरुंद, संथ, सैल.

५. हिशेब करा.
ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात किती मीटर पुढे जाईल? अशा दोन गाड्यांमध्ये दोन सेकंदांचे अंतर ठेवायचे झाल्यास किती मीटर जागा लागेल?

६. उपक्रम.
महाराष्ट्राच्या नकाशात भोर, महाड, पोलादपूर, महाबळेश्वर व वाई ही ठिकाणे शोधा. सावित्री व कृष्णा ह्या नद्यांचे मार्ग दोन रंगांनी दाखवा. तुमच्या वर्गाची सहल निघाली, तर बिनीला कोण व पाठराखा कोण असावा, आणि का, ह्याची वर्गात चर्चा करा.